वड्या-भज्याच्या जळक्या तेलावर विहिरीचं इंजन चालेल का?

तेरणाकाठ:

नमस्कार मंडळी. आमचं गाव औसा तालुक्यात. पाच एकर वावर, खरिपाला सोयाबीन-तूर, विहिरीच्या जिवावर थोडा भाजीपाला आन हरभऱ्याला दोन पाणी. लाईटचं कोटेशन भरून ठेवलंय, खांब काही आले नाहीत. म्हणून सगळा भार आजोबांच्या वेळच्या पाच एचपीच्या इंजनावर. एक सिलेंडरचं, हँडल मारून चालू करायचं धूड. चालतंय अजून झकास, पण डिझेल नव्वदीच्या पुढं गेल्यापासून वांगी बाजारात विकायची का इंजनाला पाजायची हेच कळंना झालंय.

चुलतभावाचं रोडवर हॉटेल आहे. वडे, भजी, राईस प्लेट. तो म्हणतो आठवड्याला पंधरा-एक लिटर जळकं तेल निघतं, घेऊन जा. यूट्यूबवर बघितलं तर लोक मिथेनॉल आन कॉस्टिक टाकून कॅनमध्ये हलवून बायोडिझेल करायलेत. दिसायला लई सोपं आहे. विचारायचं हे की मिथेनॉल कुठं मिळतं, कॉस्टिक म्हणजे मोरी साफ करायचंच का, आन आमच्या ओढ्याच्या कडंला करंजाची मोठी झाडं आहेत, त्याच्या बियांचं तेल चालतं का? एक दोस्त म्हणतो, एवढी भानगड कशाला, फडक्यातनं गाळ आन डिझेलमध्ये वत. बाबा म्हणायलेत, इंजनाला हात लावलास तर घरात येऊ नको.

कुणीतरी विचारणारच म्हणून आधीच सांगतो, दोन म्हशी, एक गाय, बैलजोडी आहे. शेण उकंड्यावर जातंय.


डांबरी:

दोस्ताचं ऐक. अर्धं डिझेल, अर्धं तेल, बिनधास्त. आमच्या पाहुण्यांची जुनी जीप तशीच पळते, मागून जाणाऱ्याला भज्याचा वास येतो एवढंच. डिझेल इंजिनाचा शोध लावणाऱ्या रुडॉल्फ डिझेलनंच १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात शेंगदाण्याच्या तेलावर इंजिन चालवून दाखवलं होतं. सरकारला आपण तेल ओतलेलं नकोय, टॅक्स बुडतो ना!


पाना-पक्कड:

तेरणाकाठ, माझं एक मत तुमच्या बाबांच्या बाजूनं धरा. केजकडं माझं इंजन-पंप दुरुस्तीचं दुकान आहे, तेव्हा जे सांगतो ते उघडलेल्या इंजनावरून.

डांबरी साहेब, पॅरिसचं ते इंजिन 'ऑटो' (Otto) नावाच्या कंपनीनं चालवलं होतं, फ्रेंच सरकारच्या सांगण्यावरून, आणि तेल ताजं होतं. प्रदर्शन काही तासांचं असतं, रब्बी चार महिन्यांची. पहिल्या दिवशी इंजन कुठलंच तेल नाकारत नाही, रॉकेल घाला, करडई घाला, पळतं. खरी गंमत पुढं असते. खायचं तेल डिझेलच्या दहापटीच्या आसपास घट्ट. नोझलमधून त्याचा धुरळा उडत नाही, पिचकारी उडते. ते पुरतं जळत नाही. धारूरकडचं एक इंजन माझ्याकडं आलं होतं, मालकानं रब्बीभर असंच अर्धं-अर्धं चालवलेलं. नोझलच्या टोकाला कोळशाचा फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा फुलोरा. रिंगा खाचेत रुतून बसलेल्या, बोटानं दाबल्या तर हलेनात. आणि खालचं ऑइल काढायला नट खोलला तर ऑइल येईचना. न जळालेलं तेल रिंगांवरून खाली झिरपून ऑइलमध्ये मिसळलं होतं आणि तिथं त्याचा डिंक झाला होता. बोटं घालून काढावा लागला. पुढं लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग सगळंच. वाचवलेलं डिझेल किती आणि बिल किती, ते त्या माणसाला विचारा, मी लाजेनं विचारलं नाही.

म्हणून तेल पातळ करायचं, आणि मिथेनॉल त्याचसाठी. तेलाच्या रेणूत ग्लिसरीनला तीन स्निग्धाम्लं चिकटलेली असतात. मिथेनॉल ती सोडवून स्वतःला लावून घेतं, ग्लिसरीन जड म्हणून तळाला बसतं, वर राहतं ते बायोडिझेल. कॉस्टिक हे फक्त घडवून आणतं. लिटरभर तेलाला २०० ते २२० मिली मिथेनॉल आणि ताजं तेल असेल तर साडेतीन ग्रॅम शुद्ध कॉस्टिक सोडा. मोरीचा चालत नाही, त्यात भलतंसलतं मिसळलेलं असतं.

पण हॉटेलचं तेल ताजं नसतं. तळून तळून त्यात मोकळं आम्ल वाढतं आणि ते कॉस्टिक खाऊन साबण करतं. किती वाढलंय ते आधी मोजावं लागतं. एक ग्रॅम कॉस्टिक लिटरभर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा. दहा मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये एक मिली तेल आणि चिमूटभर हळद. सिरिंजनं ते कॉस्टिकचं पाणी थेंब थेंब सोडत हलवत राहा. पिवळा रंग तांबडा होऊन टिकला की थांबा. जेवढे मिली गेले तेवढे ग्रॅम साडेतीनात वाढवायचे. दोन-तीन मिली गेलं तर तेल बरं. सहा-सातच्या पुढं गेलं तर ते तेल साबणालाच द्या. आपल्या वसमतच्या हळदीचा हा उपयोग गिऱ्हाइकाला सांगितला की त्याला पटत नाही, करून दाखवावा लागतो.

आधी तेल शंभराच्या वर तापवून तडतड बंद होईपर्यंत पाणी उडवायचं. मग पंचावन्नला आणून त्यात कॉस्टिक विरघळवलेलं मिथेनॉल. पासष्टच्या अलीकडंच मिथेनॉल उकळतं, त्यामुळं गॅसच्या शेगडीवर हे करणाऱ्याला माझा लांबून नमस्कार. रात्रभर ठेवायचं, ग्लिसरीन काढायचं, मग पाण्यानं धुवायचं. जेवढं इंधन जवळजवळ तेवढं पाणी, आणि तेही दोन-तीनदा. एप्रिलात टँकरची वाट बघत बसलेल्या गावात इंधन धुवायला पाणी मागून बघा! झालं का नाही हे बघायचं असेल तर तीन मिली इंधन सत्तावीस मिली मिथेनॉलमध्ये टाका. तळाला काही बसलं तर आतलं तेल तेलच राहिलंय.

इंजनाच्या जुन्या रबरी नळ्या बायोडिझेल फुगवतं, त्या बदलाव्या लागतील. टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळही ते सोडवतं आणि फिल्टर चोंदतो.

आता हॉटेलचं. तुमच्या भावाला नीट विचारा. आपल्याकडचा हॉटेलवाला तेल टाकून देत नाही, कमी झालं की वर नवीन ओततो. तळाला उरतो तो काळा गाळ. खरोखर पंधरा लिटर निघत असेल तर ते फुकटचं राहिलेलं नाही, कारण अन्नसुरक्षावाल्यांनी १ जुलै २०१८ पासून तळणाच्या तेलात ध्रुवीय घटकांची, म्हणजे तळून तळून तेल खराब होताना वाढणाऱ्या घटकांची, हद्द २५ टक्के ठरवून दिली आहे. त्यापुढचं तेल वापरायचं नाही, आणि ते गोळा करून बायोडिझेलवाल्यांना द्यायची व्यवस्थाही त्याच वर्षी सुरू झाली. गोळा करणारे पैसे देतात. भावाला ते घेऊ द्या.


परभणीची मॅडम:

पाना-पक्कड काकांनी हळदीचं टायट्रेशन, म्हणजे थेंब थेंब सोडून आम्ल मोजायची रीत, सांगितली, माझ्या बीएस्सीच्या पोरांना उद्या हेच करायला लावते. पण मिथेनॉलबद्दल ते फार सौम्य बोलले, म्हणून मी कडक बोलते.

दहा मिली मिथेनॉल पोटात गेलं तरी कायमचं आंधळेपण येऊ शकतं. कातडीतून शिरतं, वाफेतून शिरतं. त्याची ज्योत उन्हात दिसतच नाही, पेटलेलं कळतं ते हात भाजल्यावर. २०१५ साली मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं गेली ती मिथेनॉलच्याच दारूनं. म्हणून त्याची विक्री आणि साठा विषाच्या कायद्याखाली परवान्यानं चालतो. किराणा दुकानात मागू नका. लहान पोरं, सालगडी, पाणी समजून कॅन उचलणारे पाहुणे असतात त्या शेतातल्या आखाड्यावर तर ठेवूच नका.

दुसरं म्हणजे मिथेनॉल नैसर्गिक वायूपासून होतं आणि भारतात लागणाऱ्यातलं बहुतेक बाहेरून येतं. म्हणजे तुमच्या "घरच्या" इंधनाला हाताशी आखाती देशच लागतो. "मग इथेनॉल वापरू" असं कुणी म्हणेल, तर ते पाण्याचा थेंब नसलेलं लागतं, आणि घरी गाळायला बसलात तर उत्पादन शुल्कवाले येतील ते बायोडिझेल बघायला नव्हे.

इथेनॉलचा विषय निघालाच आहे तर बोलून घेते. २०२१ च्या नीती आयोगाच्या अहवालातच लिहिलंय की उसापासून एक लिटर इथेनॉल म्हणजे सुमारे २,८६० लिटर पाणी. लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा डबे, पाच लाख लिटर. भागाकार करा, त्या अख्ख्या गाडीच्या पाण्यात पावणेदोनशे लिटर इथेनॉल होतं. याला हरित इंधन म्हणतात. २०१९ ला इथल्या विभागीय आयुक्तांनी मराठवाड्यात ऊसबंदीची शिफारस केली होती, तिचं काय झालं ते मांजरा नदीकाठच्या कारखान्यांच्या चिमण्यांना विचारा.


फडातला:

मॅडम, भागाकार बरोबर आहे. आता माझाही एक करा. माजलगावच्या खाली माझा दोन एकर ऊस आहे. २०२४ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ होता आणि मोंढ्यात चार हजार-एकेचाळीसशेनं माल मागत होते. हमीभाव कागदावर. उसाला एफआरपी आहे, म्हणजे कारखान्यानं द्यायचा ठरलेला किमान दर, कायद्यानं आहे, चौदा दिवसांत द्यायची आहे. देतात उशिरानं पण देतात. गारपिटीत सोयाबीन-हरभरा मातीत जातो, ऊस उभा राहतो. ज्या पिकाला भाव आणि गिऱ्हाईक दोन्ही बांधलेलं आहे तेच शेतकरी लावणार. त्यात पर्यावरण कळत नाही म्हणून लावतो असं समजू नका.

आणि धोरणाचं म्हणाल तर डिसेंबर २०२३ मध्ये एका रात्रीत आदेश आला, रसापासून इथेनॉल बंद. ते आमच्या पाण्याच्या काळजीनं नव्हे, साखर महाग होऊ नये म्हणून. पुढच्या वर्षी परत चालू. कारखान्यानं कर्ज काढून डिस्टिलरी उभी केलेली. त्याचा हप्ता शेवटी कुणाच्या बिलातून जातो?


परभणीची मॅडम:

फडातला भाऊ, हे मान्य आहे. माझा राग ऊस लावणाऱ्यावर नाही. तुरीची, करडईची खरेदी उसासारखी बांधून दिली असती तर तुम्ही-आम्ही हे भांडण केलंच नसतं. मक्याच्या इथेनॉलला २०२३-२४ मध्ये लिटरला ७१ रुपये ८६ पैसे दिले, रसाच्या इथेनॉलपेक्षा जास्त. मका उसापेक्षा कितीतरी कमी पाण्यात येतो. पण मग कोंबडीखाद्य महागतं. असो, हा धागा तेरणाकाठचा आहे.


किनवटकर:

करंजाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून मी. आमच्या शेजारचा तेव्हाचा आदिलाबाद जिल्हा या बाबतीत गाजलेला आहे. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे उडुपी श्रीनिवास यांनी तिथल्या एका गोंड वस्तीत नुसत्या गाळलेल्या करंज तेलावर जनरेटर चालवून घराघरात दिवे लावले. मिथेनॉलचा संबंध नाही. जवळच पॉवरगुडा नावाचं गाव आहे, तिथल्या बचत गटाच्या बायकांनी करंज लावले, आणि २००३ साली वर्ल्ड बँकेनं त्यांच्याकडून १४७ टन कार्बन डायऑक्साइडची बचत ६४५ डॉलरला विकत घेतली. आमच्याकडं लोक म्हणायचे, हवा विकून पैसे आले!

त्यामुळं बायोडिझेल न करता नुसतं गाळलेलं तेल अजिबात चालतच नाही हे काकांचं मला पटत नाही. सायलेन्सरच्या उष्णतेवर तेल गरम करून घेतलं, चालू करताना आणि बंद करताना डिझेल वापरलं, आणि ऑइल लवकर लवकर बदललं तर मंद गतीच्या इंजनाला करंज सोसतं. मोगली एरंडाच्या, म्हणजे जट्रोफाच्या, नादाला मात्र लागू नका. २००३ च्या राष्ट्रीय योजनेत त्याचा केवढा गाजावाजा! पडीक रानात लावा, पाणी नको, खत नको. खत-पाणी नाही तर बीही नाही, हे ज्यांनी लावलं त्यांना कळलं. २००९ च्या धोरणात लिहिलं होतं, २०१७ पर्यंत जैवइंधन वीस टक्के मिसळू. २०१८ च्या धोरणात बायोडिझेलचा आकडा पाच टक्के झाला आणि साल २०३०. एरंड बांधावर राहिला, शेळीसुद्धा तोंड लावत नाही.


पाना-पक्कड:

किनवटकर, गरम करून, दोन टाक्या लावून, ऑइल बदलत चालवणारा माणूस असेल तर माझा विरोध मागे. तिथं रोज देखरेखीला माणूस होता. शेतात इंजन चालू करून बारं द्यायला गेलेला गडी परत येऊन टाकी बदलून मग इंजन बंद करील, हे मला तरी बघायला मिळालेलं नाही. शिवाय एक्सपेलरवर चार किलो बियांना लिटरभर तेल धरा. बिया झोडायच्या, फोडायच्या, त्या मजुरीत काय राहतं ते तेरणाकाठनं ठरवावं. करंजाची पेंड मात्र वावरात टाका, वाळवीला बरी.

आता शेणाचं बोलू. तुमची पाच जनावरं बांधून असतील तर पन्नास-साठ किलो शेण निघेल, चरायला जात असतील तर अर्धं. किलोला चाळीस लिटर गॅस, म्हणजे पन्नास किलोला दोन घनमीटर. डिझेल इंजन गॅसवर चालतं, पण एकट्या गॅसवर नाही, कारण दाबानं तो पेटत नाही. एअर फिल्टरच्या पुढं नळीला टी लावून गॅस आत घ्यायचा, इंजनाचा वेग सांभाळणारा गव्हर्नर आपोआप डिझेल कमी करतो, पाचवा हिस्सा डिझेल ठिणगीपुरतं लागतंच. खर्च एचपीमागं तासाला ०.४२ घनमीटर. पाच एचपीला तासाला दोन घनमीटरच्या वर. थोडक्यात, दिवसभराचं सगळं शेण एका तासात धूर, आणि वाचलं लिटरभर डिझेल.

तोच गॅस चुलीवर नेला तर दोन घनमीटर म्हणजे जवळजवळ ०.९ किलो सिलेंडरचा गॅस. घरातला स्वयंपाक त्यात होतो आणि प्लांटमधून बाहेर पडणारा शेणकाला, म्हणजे स्लरी, वावराला मिळते. म्हणून माझं म्हणणं, गॅस इंजनाला पाजू नका, घरात न्या. विहिरीसाठी सोलर पंपाचा अर्ज टाका. "मागेल त्याला सौर कृषी पंप" मध्ये अडीच एकराच्या पुढं पाच एकरापर्यंत पाच एचपी बसतो, दहा टक्के आपले. वीजजोडणी नाही हेच तुमच्या पथ्यावर पडणार. वांग्याला दिवसा पाणी मिळेल. इंजन ठेवा ढगाळ दिवसासाठी आणि ते शुद्ध डिझेलवर चालवा. वर्षाला चार-दोन कॅन लागतील, वांगी वाचतील.

आणि हॉटेलातून तेल आणू नका, खरकटं आणा. पुण्याच्या आरती संस्थेत डॉ. आनंद कर्व्यांनी छोटा गॅस प्लांट केला, २००६ चा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला त्याला. त्यांचा मुद्दा साधा आहे, शेणातला कस जनावरानं आधीच खाल्लेला असतो. भात, कणीक, बटाट्याची सालं यात तो पुरा शाबूत. दोन-चार किलो उष्ट्या भातात जेवढा गॅस निघतो तेवढ्याला शेणाच्या पाट्या लागतात. राईस प्लेट विकणाऱ्या भावाकडं रोज काय फेकलं जातं ते तुम्ही अजून विचारलेलंच नाही.


तेरणाकाठ:

सगळ्यांना धन्यवाद. भावाला आज फोन केला. तेलाचं विचारलं तर म्हणतो "तसं काही शिल्लक राहत नाही रे, मी अंदाजानं बोललो." खरकट्याचं विचारलं तर म्हणतो बादली-दीड बादली निघतं, डुकरावाला घेऊन जातो, तुला पाहिजे तर तुला. सोलरचा अर्ज भरायला सेतूवर जाणार आहे. आईला गॅसचं पटलं, बाबांना इंजन वाचल्याचं.

मनात एकच शंका आहे. पन्नास किलो शेणाला पन्नास लिटर पाणी कालवावं लागतं म्हणतात. आमच्याकडं मार्चनंतर पिण्याचं पाणी बैलगाडीवर ड्रमनं आणतो. ते शेणात कालवलं तर आई मला घरातून काढील.


पाना-पक्कड:

शेणाच्या प्लांटला सगळं पाणी ताजंच लागतं असं नाही. गोठ्यातलं गोमूत्र नालीनं एका जागी आणा, ते घाला. बाहेर पडलेली स्लरी गाळून तिचं पाणी परत कालवायला घ्या. उन्हाळ्यात निम्म्याहून जास्त भागतं. भांडी खंगाळलेलं पाणी चालतं, साबणाचं मात्र नको.

खरकट्याच्या प्लांटला पाणी त्याहून कमी, पण तिथं हावरटपणा चालत नाही. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे नुसतं शेणकाल्यावर ठेवा, गॅस निळा जळायला लागला की मूठभरानं खरकटं वाढवा. एकदम बादली ओतली तर आत आंबतं, आंबूस वास सुटतो आणि गॅस येतो पण पेटत नाही. तसं झालं तर खरकटं बंद, चार-पाच दिवस फक्त शेण, थोडी चुन्याची निवळी. भज्याचं तेल त्यातही ओतू नका, वर साय धरते. आणि चुलीकडं जाणाऱ्या नळीत लोखंडाचा किस भरलेला डबा बसवा, नाहीतर गंधकाचा वास आईला येईल. किस लेथवाल्याकडं फुकट मिळतो, औशात नाही मिळाला तर मी पोतंभर ठेवतो.